गुण्यात न बसलेली पेटी

टपाल दुपारनंतरच येतं, हे रेणूला पक्कं ठाऊक होतं. तरी ती सकाळी एकदा किल्ली घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येई. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या वसाहतीत घरोघरी टपालपेटी नव्हती. कोपऱ्यावर सगळ्यांच्या कप्प्यांचं एकच लोखंडी कपाट उभं होतं. ती आपला कप्पा उघडी, आत पिझ्झाच्या जाहिराती असत किंवा काहीच नसे. ती तो बंद करी आणि पुन्हा एकदा उघडून बघे. वर्क परमिटचं नवं कार्ड यायचं होतं. जुन्याची मुदत संपलेली, आणि नवं हातात पडेपर्यंत कामावर जायची सोय नाही. ऑफिसने लॅपटॉप परत मागवला होता. मॅनेजर बरा होता, म्हणाला, तुझी जागा धरून ठेवतो. कुठवर, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

अशी सक्तीची सुटी तिच्या वाट्याला दुसऱ्यांदा आली होती. लग्न होऊन अमेरिकेत आली तेव्हा जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत, खिडकीतून नदीपलीकडचं मॅनहॅटन बघत तिने असेच महिने काढले होते. नवरा अनय सकाळी ट्रेन पकडून कामाला जाई आणि पुण्यात सर्किट बोर्ड तपासणारी ही इंजिनीअर घरातला टोस्टर उघडून परत जोडून ठेवी. पण तेव्हा सगळंच नवं होतं. आता घर होतं, घराचं कर्ज होतं, पंधरा वर्षांची मुलगी इशिता होती, आणि अनयचा स्वतःचा व्हिसाही ज्या रांगेत होता ती रांग हलत नव्हती.

रेणू मूळची नागपूरची, प्रतापनगरची. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. खरं तर भिंगरी हातांना होती. जेवायला बसली तरी डाव्या हाताची बोटं पाटावर ताल धरत. वडील वीज मंडळात होते. त्यांचा टेस्टर हरवला की आधी हिच्या दप्तरात शोधायचे. थोरला भाऊ प्रल्हाद शाळा सुटल्यावर सीताबर्डीवरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जाई. काळोख्या खोलीत ओळीने मशिनं, पोरांचा गलका, बटणांची खटखट. मुली आत जात नसत. रेणू बाहेर दोन सायकली धरून उभी राही आणि दार उघडलं की तेवढ्या फटीतून आत बघे. खेळण्यापेक्षा तिला मशिनचं मागचं फळकूट काढून आत काय आहे ते बघायचं होतं.

म्हणून या खेपेला, भांडी दोनदा घासून झाली, कपाटं तीनदा लावून झाली आणि इशिताने भोवती घुटमळणाऱ्या आईला "मॉम, यू आर हॉवरिंग" असं म्हणत खोलीचं दार लावून घेतलं, तेव्हा रेणूने ठरवलं की आपण आर्केडचं, त्या पार्लरमधल्यासारखं मशिन करायचं. भलंमोठं नाही. टेबलावर ठेवता येईल, हँडल धरून उचलून नेता येईल, असं. वर स्क्रीन, खाली दोन जॉयस्टिक, दोघांसाठी बटणं.

तारा, छोटा कॉम्प्युटर, स्पीकर हे सगळं तिने जेवणाच्या टेबलावर चार-पाच दिवसांत जोडून टाकलं. जॉयस्टिक हलवली की स्क्रीनवरचं विमान हलायचं. अनय संध्याकाळी घरी आला, एक डाव खेळला आणि म्हणाला, "वा, झालंच की!"

"खोकं व्हायचंय अजून."

"खोकं काय, वीकेंडला होईल."

तिलाही तसंच वाटलं होतं. बर्च प्लायवूडची एक शीट, उसनी आणलेली जिगसॉ करवत, ड्रिल आणि फेव्हिकॉलसारखा, पण पिवळा डिंक. त्यात अवघड काय असणार?

पहिल्या दिवशी तिने दोन्ही बाजूंच्या फळ्या कापल्या. एक कापली, ती दुसऱ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, दुसरी कापली. उभ्या करून बघते तर दोन्ही डाव्याच. प्लायवूडची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीवर गाठी असतात, हे तिच्या लक्षातच नव्हतं. आता एका बाजूला गाठी बाहेर येणार होत्या. चालेल, रंग लावू, म्हणत ती पुढे गेली. बटणांची भोकं पाडायला घेतली तेव्हा फळीखाली दुसरा लाकडाचा तुकडा ठेवायचा राहिला, आणि भोक पलीकडे निघालं ते काठाच्या सगळ्या चिंध्या करूनच. एक भोक जॉयस्टिकच्या इतकं जवळ पडलं की बटण बसवलं असतं तर काडी त्याच्यावर आपटली असती. डिंक लावून फळ्या जोडल्या आणि तासाभराने, आता धरला असेल, म्हणून दाबायला ठेवलेली पुस्तकं काढून घेतली. पेटी हळूच एका अंगाला कलली, सभेत पेंगणाऱ्या माणसासारखी. रेणूने ती ढकलून सरळ केली आणि वर स्क्रू मारले.

हे सगळं ती गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत करत होती. मार्च संपत आला होता. पाइनची झाडं परागकणांची पिवळी धूळ सोडत होती, गाड्या, पायऱ्या, मांजरंसुद्धा पिवळी झाली होती. ती वाकून फळीच्या कडेत स्क्रू पिळत असताना मागून आवाज आला, "हे काय, पोपटाचा पिंजरा?"

राजीवकाका होते. पलीकडच्या गल्लीतले. मूळचे सांगलीचे, हाडांचे डॉक्टर. चाळीसएक वर्षांपूर्वी इथे आले, आता निवृत्त. त्यांचं घर विकायला काढलेलं होतं. उत्तराकाकू आधीच टेक्सासात फ्रिस्कोला, मुलीकडे, अनुष्काकडे जाऊन राहिल्या होत्या आणि काका घर विकलं जाईपर्यंत मागे थांबले होते. कुणी घर बघायला आलं की एजंट बाई त्यांना बाहेर काढत. मग ते थर्मासमधला चहा घेऊन वसाहतीत फेऱ्या मारत राहायचे.

रेणूने पेटी काय आहे ते सांगितलं. काकांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली. दोन्ही डाव्या फळ्या पाहिल्या, फाटलेली भोकं पाहिली. स्क्रीनच्या चौकटीत बोट घातलं. वर काहीच फट नव्हती, खाली करंगळी जाईल एवढी होती.

"गुण्यात नाही ही," ते म्हणाले.

"काय?"

"गुण्या. सुताराचा काटकोन. आमच्या मामांचं फर्निचरचं दुकान होतं सांगलीला, सुट्टीत तिथेच असायचो. कर्ण मोजलेस का? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग उलटे?"

टेप लावली. दोन कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला.

"पुटी भरू का फटीत?" रेणू म्हणाली. "पॅच लावू?"

"भर. फट दिसणार नाही. पण दार बसणार नाही, स्क्रीन वाकडी राहील, आणि तू रोज तिच्याकडे बघून चिडशील. माझ्या गॅरेजात आण. तिथे क्लॅम्प आहेत."

"काका, तुमचं तर सगळं आवरायचं चाललंय..."

"म्हणून तर म्हणतो. एजंट म्हणते गॅरेज रिकामं करा, लोकांना तिथे आपल्या गाड्या दिसायला हव्यात. मला काहीतरी कारण हवंय ते न करण्याचं."

काकांचं गॅरेज म्हणजे सुताराचं छोटं दुकानच होतं. भिंतीवर करवती, पटाश्या, रंधे, आणि एका दांडीला ओळीने लटकलेले, फळ्या आवळून धरणारे क्लॅम्प. निवृत्तीनंतर त्यांनी नातवंडांसाठी पाळणा, काकूंसाठी देवघर असं बरंच काही केलं होतं. मग उजवा हात थरथरायला लागला. आधी ऑपरेशनं सुटली होतीच, आता पटाशीही सुटली होती.

"ऑपरेशन बंद केलं तेव्हा वाईट वाटलं," ते म्हणाले, "पण लाकूड निदान पेशंटसारखं कोर्टात जात नाही. तू धर, मी सांगतो."

त्यांनी सांगितलं की पेटी आधी उघडायची. रेणू हबकलीच. तिने जे आठवडाभर जोडलं होतं ते पातळ पात्याच्या करवतीने सांध्यातून कापून काढायचं होतं. स्क्रू आधी काढले. मग सांध्यावर करवत धरली.

"जोर लावू नकोस. ती आपली आपण जाते."

"जात नाहीये काका."

"कारण तू ढकलतेयस."

दुपारपर्यंत सगळ्या फळ्या सुट्या होऊन टेबलावर पडल्या होत्या. कडांवर जुन्या डिंकाचे पोपडे होते, ते रंध्याने काढले. जिथे करवतीने लाकूड खाल्लं होतं तिथे पातळ पट्ट्या चिकटवायच्या ठरल्या. फाटलेल्या भोकांच्या काठांना डिंक चोळून, वर मेणकागद ठेवून चिंध्या दाबून बसवल्या. गाठींमध्ये पुटी भरली. जॉयस्टिकजवळच्या त्या चुकीच्या भोकासाठी काकांनी तिच्याकडून लाकडाची एक गोल चकती कापून घेतली, ती भोकात ठोकून बसवायला लावली आणि वरून घासायला सांगितलं.

"आता नवीन भोक कुठे पाडू?"

"तेच विचारणार होतो. जागाच नाहीये. ही पुढची फळी इतकी अरुंद का केलीस? दोघं जण उभे राहिले तर कोपराने भांडतील."

"नेता यायला हवं ना काका."

"कुठे न्यायचंय?"

"कुठेही," रेणू म्हणाली आणि घासायला लागली.

काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते पट्टी घेऊन जागा मोजायला लागले. नवीन भोक थोडं खाली, कसंबसं बसवलं. एकमेकांना खेटलेल्या भोकांमध्ये लाकडाची जेमतेम एक पट्टी उरली.

पेटी पुन्हा जोडली तेव्हा मात्र दर कोपऱ्यात गुण्या लावून, कर्ण मोजून, आठ क्लॅम्प आवळून. रेणू चहा पिऊन आली आणि तिने हात पुढे केला.

"काढू?"

"उद्या."

"उद्या? डब्यावर तर लिहिलंय अर्धा तास..."

"डब्यावर लिहिणाऱ्याला डिंक विकायचा असतो. उद्या."

ती रात्र तिने तळमळून काढली. एकदा वाटलं, काकांच्या घरी जाऊन बाहेरूनच खिडकीतून बघून यावं. सकाळी टपालाच्या कपाटाकडे जायच्या आधी ती त्यांच्या गॅरेजसमोर उभी होती. क्लॅम्प सुटले. पेटी सरळ उभी राहिली. दोन्ही कर्ण सारखे.

मग रेणूचं डोकं परत धावायला लागलं. मराठी शाळेच्या वर्षअखेरीच्या आनंदमेळ्यात हे मशिन ठेवायचं तिने बाईंना कबूल करून टाकलं होतं, आणि एका रविवारी ते आधी दाखवायला न्यायचं होतं. काकांची घर बघायला आलेल्या कुणाशी तरी बोलणी चालली होती, ते दोन दिवस भेटले नाहीत. तिने वर हँडल स्वतःच बसवलं. मिळाले ते स्क्रू घेतले, वरच्या फळीतून खाली पिळले, ओढून बघितलं, पक्कं वाटलं. निळा रंग उघड्यावरच दिला. तासाभरात त्यावर पाइनची पिवळी धूळ बसली आणि रंग वाळला तशी आत चिकटून गेली. तिने घासून काढली, पुन्हा रंग दिला, पुन्हा पिवळं. शेवटी ती वैतागून म्हणाली, असू दे, तारे आहेत असं सांगू.

रविवारी सकाळी ती आत गाडीची किल्ली शोधत होती. अनयने, मदत करावी म्हणून, पेटी हँडल धरून उचलली. गाडीच्या मागच्या दारापर्यंत दोन पावलं असतील. रेणूला धाडकन आवाज आला. ती धावत बाहेर आली तर पेटी सिमेंटवर तोंडावर पडलेली, आणि अनय तसाच उभा.

"अनय! काय केलंस! हळू उचलता येत नाही का तुला? महिनाभर मी मरतेय इथे आणि तू..."

"हँडल माझ्या हातात आहे, रेणू," अनय म्हणाला. त्याने हात वर केला. त्यात खरंच हँडल होतं, चारही आखूड स्क्रूंसकट. "मी सोडलेलं नाही."

इशिता दारात आली, "ओ माय गॉड" म्हणाली, आईचा चेहरा बघून आत गेली.

अनयने पेटी उलटी केली. स्क्रीन वाचली होती, पण खालचा एक कोपरा चुरडला होता. पुढची बटणांची फळी भोकाभोकांमधून सरळ रेषेत तडकली होती, जिथे लाकूड कमी उरलं होतं बरोबर तिथेच. मागचं फळकूट निघून आलं होतं आणि आतल्या बाजूला चिकटपट्टीचा एक तुकडा दिसत होता. त्यावर रेणूच्या अक्षरात मापं होती आणि वर लिहिलं होतं, मोठी बॅग.

"हे काय?"

"मापं."

"मोठी बॅग म्हणजे?"

"आपली मोठी बॅग. विमानात चेक-इन करतो ती." रेणू खाली पायरीवर बसली. "तिच्यात मावायला हवं म्हणून."

"पण का?"

"जावं लागलं तर. मग हे तरी नेता येईल. सोफा नेता येत नाही, झाडं नेता येत नाहीत. इशिताची शाळा नेता येत नाही. मी दुकानात गेले की हल्ली आधी वस्तू उचलून बघते, जड आहे का."

अनय तिच्या शेजारी पायरीवर बसला. हँडल अजून त्याच्या हातातच होतं.

"आपण जातोय का?" त्याने विचारलं.

"तुला माहीत आहे? मला नाही माहीत. कुणालाच माहीत नाही, हाच तर त्रास आहे. तू 'रिलॅक्स कर यार' म्हणतोस आणि झोपतोस."

"झोपतो कुठे," अनय म्हणाला. "पडून राहतो. तू उठून फिरतेस ना खाली, सगळं ऐकू येतं मला. वाटतं, आपणही उठलो तर तू अजून घाबरशील."

रेणूने त्याच्याकडे पाहिलं. हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं. शाळेच्या बाईंना फोन करायचा होता, तो अनयने केला.

काका थर्मास घेऊन फिरत आले ते तेवढ्यात. त्यांच्याकडे पुन्हा कुणीतरी घर बघायला आलं होतं. ते पेटीपाशी वाकले.

"एक्स-रे नको," म्हणाले. "दिसतंय."

"फेकून देते काका. झालं आता."

"हँडल कशात मारलं होतंस?"

"वरच्या फळीत."

"अर्ध्या इंचाच्या फळीत चार आखूड स्क्रू, आणि खाली एवढं वजन." त्यांनी मान हलवली. "आणि मी दोन दिवस नव्हतो, तेवढंही थांबली नाहीस. चल, उचला. अनय, खालून धर, वरून नाही."

या वेळी दुरुस्ती सावकाश झाली, म्हणजे रेणूच्या मानाने सावकाश. चुरडलेला कोपरा तिने सरळ कापून टाकला. प्लायवूडचा तेवढाच त्रिकोणी तुकडा कापून बसवायचा होता. पहिला लहान झाला, दुसरा मोठा झाला. तो पॉलिश पेपरवर घासत घासत, लावून बघत, परत घासत तिने शेवटी असा आणला की दाबल्यावर आपोआप अडकून राहिला. काकांनी थरथरत्या बोटाने सांध्यावरून नख फिरवलं.

"बसला."

हँडलसाठी आत कठीण लाकडाचा एक ठोकळा चिकटवला आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाकले, आतून नट आवळले. अनयने ते धरून पेटी गॅरेजभर फिरवली. रेणू दोन्ही हात पुढे करून त्याच्या मागे मागे होती.

राहिली पुढची फळी. रेणूने नवीन तुकडा टेबलावर ठेवला आणि जुनीचं माप काढायला गेली. मग थांबली. तिने दोन्ही जॉयस्टिक टेबलावर मांडल्या आणि अनयला म्हणाली, "इथे उभा राहा. खेळतोयस असं समज." ती त्याच्या शेजारी उभी राहिली. कोपर लागत होतं. तिने जॉयस्टिक आणखी लांब सरकवली. अजून लागत होतं. आणखी सरकवली.

"एवढी रुंद केली तर पेटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येईल," अनय म्हणाला.

"येईल."

"मग बॅगेत..."

"नाही मावणार," रेणू म्हणाली. तिने पेन्सिल कानामागून काढली आणि रेघ मारली. रेघ थोडी वाकडी आली. तिने ती खोडली आणि गुण्या लावून पुन्हा मारली. भोकं पाडताना खाली जाड लाकडाचा तुकडा ठेवला. काठ स्वच्छ निघाले.

काकांचं घर त्याच आठवड्यात गेलं. एका तरुण जोडप्याने घेतलं, त्यांना गॅरेजमध्ये खरंच गाड्याच लावायच्या होत्या. हत्यारं काही मराठी मंडळातल्या लोकांनी नेली, काही विकली गेली. काकांनी आठ क्लॅम्प, गुण्या आणि एक रंधा रेणूच्या दाराशी आणून ठेवला.

"काका, हे एवढं..."

"अनुष्काकडे सगळं फर्निचर दुकानातून येतं. स्क्रूसुद्धा मोजून देतात त्यात. तिथे मी हे घेऊन काय करू?"

त्यांना विमानतळावर सोडायला रेणूच गेली. वाटेत ते खिडकीबाहेर बघत पाइनच्या झाडांबद्दल बोलत राहिले. उतरताना म्हणाले, "क्लॅम्प लवकर काढू नकोस." बॅग ओढत आत गेले आणि एकदा चुकीच्या दाराकडे वळून परत फिरले.

आनंदमेळा एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. एका बाजूला पावभाजी, दुसरीकडे मेंदी, आणि मधल्या टेबलावर रेणूची निळी पेटी, पिवळ्या ठिपक्यांसकट. मुलांची रांग लागली. थोड्या वेळाने एक बटण अडकायला लागलं, भोकात रंगाचा थर जाड बसला होता. रेणूने बटण काढलं, पिशवीतून पॉलिश पेपर काढून आतून घासलं आणि परत बसवलं. रांगेतली मुलं ओरडत होती, "हरी अप, आंटी!" तिला घाम फुटला होता, पण हात चालत होते. इशिता आपल्या मैत्रिणींना घेऊन आली आणि "माय मॉम मेड इट" असं कुणाला तरी म्हणाली. तिने ते मोठ्याने म्हटलं नाही, पण रेणूच्या कानावर पडलं. दुपारी पावभाजीवाल्या कांचनताई स्वतः खेळायला आल्या. हातातला झारा बाजूला ठेवून त्या दोन डाव हरल्या आणि तिसरा त्यांनी दुसऱ्या कुणालाच खेळू दिला नाही.

कार्ड जूनच्या अखेरीस आलं. रेणू ते हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. सुटल्यासारखं वाटेल अशी तिची अपेक्षा होती, आणि वाटलंही थोडंसं. मग तिने मुदतीची तारीख वाचली. मनातल्या मनात पुढच्या अर्जाचं गणित सुरू झालं. सोमवारी ती कामावर गेली. जागा खरंच धरून ठेवली होती. टेबलावर कुणीतरी रिकामे कप तेवढे साठवले होते.

एका शनिवारी सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल आला. मागे अनुष्काच्या घरातला पांढराशुभ्र दिवाणखाना दिसत होता.

"कसं काय काका?"

"काही नाही गं. इथे काहीच मोडत नाही." ते वैतागले होते. "काल जावयाला म्हटलं, दार थोडं घासतंय, रंधा मारू का? त्याने बिल्डरला फोन केला. तू काय करतेयस?"

रेणूने फोन फिरवून दाखवला. गॅरेजच्या टेबलावर एक ड्रॉवर पडला होता, इशिताच्या टेबलाचा. क्लॅम्प लागलेले होते, एका कोपऱ्यातून डिंक बाहेर ओघळला होता.

"हा वाकडा आहे," काका लगेच म्हणाले.

"कुठे?"

"फोन जवळ ने. खालचा उजवा. कर्ण मोजलेस?"

"मोजले होते. क्लॅम्प लावायच्या आधी."

"आवळल्यावर परत मोजायचे. सरकतं ते. कधी लावलास डिंक?"

"आत्ताच."

"मग ओला आहे अजून. सोड, सोड, लवकर सोड!" ते फ्रिस्कोतल्या सोफ्यावर उभे राहिले होते. "आधी वरचा क्लॅम्प. नाही, तो नाही, दुसरा..."

रेणूने फोन रंध्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात मोकळे करून घेतले.